पार्सलने आलेली असील अंडी: खोक्यापासून खुराड्यापर्यंत

असील आणि अस्सल हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून आले आहेत. अर्थही तोच, शुद्ध रक्ताचा. आंध्र प्रदेश, छत्तीसगड आणि ओडिशा हा या कोंबडीचा मूळ पट्टा. तिथून गडचिरोली-चंद्रपूरच्या सीमेवरून ती केव्हाच महाराष्ट्रात आली. ताठ उभी छाती, लांब दणकट पाय, डोक्याला चिकटलेला वाटाण्यासारखा बसका तुरा, आखूड वाकडी चोच आणि अंगाला घट्ट बसलेली तोकडी पिसं ही तिची ओळख. चांगला वाढलेला कोंबडा चार ते पाच किलो भरतो, कोंबडी तीन ते चार किलो. पीला, याकूब, नूरी, कागर, चित्ता, जावा, सब्जा, टीकर, रेझा ही रंगांवरून पडलेली नावं जुन्या पाळणाऱ्यांच्या तोंडी असतात.

कोंबड्यांची झुंज लावणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. कोंबडबाजारासाठी पक्षी तयार करायचा असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही. असील सांभाळण्यासारखी आहे ती तिच्या काटकपणासाठी, चवीच्या मटणासाठी, जिवापाड पिल्लं सांभाळणाऱ्या आईपणासाठी आणि संकरातल्या उपयोगासाठी. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने ‘निर्भीक’ ही परसातली कोंबडी असीलच्याच रक्तातून तयार केली आहे.

चांगलं रक्त जवळपास मिळेलच असं नाही, म्हणून लोक उबवण्यासाठी लांबून अंडी मागवतात. पक्षी आणण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. उवा-पिसवा सोबत येत नाहीत आणि मानमोडीचाही (राणीखेत रोगाचा) धोका खूप कमी होतो. तरी अंड्यातून येणारे रोग आहेतच. पांढरी हगवण आणि श्वासाचा मायकोप्लाझ्मा हे दोन्ही आईकडून थेट पिल्लात उतरतात. म्हणून खुरखुरणाऱ्या, नाक वाहणाऱ्या कळपातली अंडी फुकट मिळाली तरी घेऊ नयेत.

मागवण्याआधी

ज्याच्याकडून अंडी घ्यायची त्याला चार गोष्टी विचारा. कोंबडा एकटा आहे की दोन-तीन नरांमध्ये माद्या फिरतात? आधीचा कोंबडा काढून किती दिवस झाले? कोंबडा काढल्यावरही मादीच्या अंगात त्याचं बीज दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतं. नवा कोंबडा सोडल्यापासून किमान तीन आठवडे गेलेले नसतील तर बाप कोण हे कुणीच सांगू शकणार नाही. मादीचं वय किती? नव्या तलंगांची, म्हणजे पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या तरुण माद्यांची, पहिली अंडी लहान असतात आणि त्यातून पिल्लंही अशक्त निघतात. अंडी किती दिवसांची आहेत? सात दिवसांच्या आतली घ्या. दहा दिवसांच्या वरची घेऊच नका, कारण प्रवासाचे एक-दोन दिवस आणि आरामाचा एक दिवस त्यात अजून मिळणार असतात.

असीलची मादी फारशी अंडी घालत नाही. सरकारी फार्मवरच्या निगराणीतही वर्षाला नव्वदीच्या आसपासच मिळतात, परसात त्याहून कमी. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणं थांबवून उबवायला बसते. त्यामुळे ‘आजची दोन डझन अंडी पाठवतो’ असं तीन माद्या असलेला माणूस म्हणाला तर त्यातली निम्मी जुनी आहेत हे समजून जा.

किती मागवायची याचाही हिशेब मांडा. पार्सलच्या अंड्यांतून निम्मी पिल्लं निघाली तर चांगलं फळ मिळालं म्हणायचं. चोवीस अंडी आणली, बारा पिल्लं निघाली, त्यात सहा नर आणि सहा माद्या धरल्या, लहानपणी एक-दोन गेली, तर पुढे निवडीला चार-पाच तलंगा हाती राहतात. सहा अंडी मागवून जातीचं बेणं तयार होत नाही.

काळ निवडायचा तो ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. अंडं साधारण २१ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की आतला गर्भ हळूहळू जागा होतो. एप्रिलमध्ये बसच्या डिकीत ३८-४० अंशांत बारा तास घालवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढतो, मग थांबतो आणि मरतो. बाहेरून अंडं ठणठणीत दिसतं, सातव्या दिवशी आत लाल कडं दिसतं. उन्हाळ्यातल्या पार्सलचं अपयश बहुतेक वेळा असंच असतं आणि दोष अंडी उबवायच्या मशीनला दिला जातो.

बर्ड फ्लूची साथ कुठे चालू आहे का हेही पाहून घ्या. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. अशा वेळी बाधित भागातून अंडी-पक्षी हलवायला बंदी असते. ती पाळा.

खोकं कसं भरलेलं असावं

पाठवणाऱ्याला स्पष्ट सांगा: प्रत्येक अंडं वेगळं गुंडाळलेलं हवं, निमुळतं टोक खाली हवं आणि खोक्यात खोकं हवं. भोकं पाडलेल्या जाड फोमचे ट्रे मिळतात, ते सगळ्यात उत्तम. ते नसतील तर कागदी लगद्याच्या ट्रेचे दोन तुकडे, मध्ये प्रत्येक अंड्याला बबल रॅपचा वेढा आणि बाहेरच्या खोक्याच्या सहाही बाजूंनी दोन-दोन इंच भाताचं तूस किंवा चुरगळलेला कागद. खोकं हलवलं तर आतून काहीही वाजता कामा नये. प्लास्टिकने हवाबंद करू नये, अंडं श्वास घेतं.

एसटीच्या किंवा ट्रॅव्हल्सच्या रात्रीच्या गाडीने पार्सल टाका म्हणजे ऊन लागत नाही. मुक्कामाच्या स्टँडवर पहाटे स्वतः जाऊन उतरवून घ्या. मोटरसायकलच्या मागे बांधून आणू नका. रात्रभराच्या प्रवासात वाचलेली अंडी शेवटच्या पाच किलोमीटरच्या खड्ड्यांत बिघडतात. मांडीवर घेऊन रिक्षाने या.

आतमध्ये काय बिघडतं

पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबून समजून घ्या. कवचाच्या आत दोन पापुद्रे असतात. जाड टोकाला ते एकमेकांपासून सुटलेले असतात आणि मध्ये हवेचा कप्पा असतो. विसाव्या दिवशी पिल्लू चोचीने आतला पापुद्रा फोडतं आणि आयुष्यातला पहिला श्वास याच कप्प्यातून घेतं. प्रवासातल्या सततच्या थरथरीने हा पापुद्रा जास्त सुटतो किंवा फाटतो. मग हवेचा बुडबुडा जागा सोडून अंड्यात फिरायला लागतो. बलकाला दोन्हीकडून धरून ठेवणाऱ्या पिळदार दोऱ्याही सैल पडतात.

असं अंडं टॉर्चवर धरून हळूच कलतं केलं की हवेची कड पाण्याच्या पातळीसारखी हलताना दिसते. चांगल्या अंड्यात ती कड अगदी स्थिर असते, वर रुपयाच्या नाण्याएवढी टोपी घातल्यासारखी. तिसरा प्रकार मधला: कप्पा जागेवर आहे पण एका बाजूने खाली ओघळला आहे, घोड्याच्या खोगिरासारखा. त्यातून पिल्लं निघतात. पूर्ण सुटलेल्या कप्प्यातूनही निघतात, पण तुमचा हात शहाणा असेल तरच.

आल्यावरचे चोवीस तास

खोकं सावलीत उघडा. अंडी धुऊ नका, ओल्या फडक्यानेही पुसू नका. कवचावर एक नैसर्गिक लेप असतो, तो गेला की जंतूंना वाट मोकळी होते. सुकलेली घाण नखाने किंवा बारीक पॉलिश पेपरने हलकी खरवडली तरी पुरे.

खोली अंधारी करून प्रत्येक अंडं टॉर्चवर बघा. केसासारखी बारीक चीर असेल आणि आतला पापुद्रा शाबूत असेल तर मेणबत्तीचं मेण चिरेपुरतं लावून ते अंडं ठेवता येतं. पाझरणारं अंडं लगेच बाजूला काढा. मऊ पेन्सिलने अंड्यावर क्रमांक लिहा आणि हवेच्या कप्प्याची कड आखा. मार्कर वापरू नका.

मग निमुळतं टोक खाली ठेवून अंडी ट्रेमध्ये उभी करा आणि तशीच १८ ते २४ तास राहू द्या. जागा घरातली सगळ्यात थंड आणि शांत, १६ ते २० अंशांची. फ्रीज नको. या वेळात बुडबुडा वर येतो, बलक मध्ये बसतो आणि अंडं खोलीच्या तापमानाला येतं. थंड अंडं थेट गरम दमट मशीनमध्ये ठेवलं तर कवचाला घाम येतो आणि त्या ओलीबरोबर जंतू छिद्रांतून आत ओढले जातात. लोक घाई करतात ती नेमकी इथे. आराम न देता लावलेली अंडी आणि आराम दिलेली अंडी यांच्या निकालात सरळ फरक पडतो.

मशीन

अंडी स्टँडवरून आणायच्या दोन दिवस आधी मशीन चालू करून रिकामं चालवा. पंख्याचं मशीन असेल तर ३७.५ अंश. थर्मोकोलच्या खोक्यातलं बिनपंख्याचं असेल तर ३८.३ ते ३८.८, आणि तेही अंड्यांच्या माथ्याच्या उंचीला मोजलेलं, कारण तिथे वर आणि खाली दोन-तीन अंशांचा फरक असतो. तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटचं टोक बल्बच्या समोर येऊ देऊ नका. त्याला आणि अंड्यांना एकच हवा लागली पाहिजे.

स्वस्त मशीनवरचे आकडे एक-दीड अंशाने चुकतात. घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर नेमका याच पट्ट्यात खरा असतो. तो थर्मोस्टॅटच्या टोकाशेजारी बांधा आणि दोन्ही आकडे ताडून बघा. आर्द्रतामापकाची परीक्षा मिठाने होते. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा आणि झाकण व मापक दोन्ही एका घट्ट डब्यात किंवा झिपच्या पिशवीत दहा-बारा तास ठेवा. आत बरोबर ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ८१ दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यातून सहा वजा करा आणि तसं मशीनवर चिठ्ठी लावून लिहून ठेवा.

पार्सलच्या अंड्यांना पहिले अठरा दिवस ४० ते ४५ टक्के आर्द्रता पुरते. पुस्तकात ५० ते ५५ लिहिलेलं असतं. पण विस्कटलेल्या कप्प्याला मोठं आणि पक्कं व्हायला अंड्यातलं पाणी नीट उडालं पाहिजे. ओल जास्त झाली तर कप्पा लहान राहतो आणि पिल्लू शेवटी आतल्या आत बुडतं. पाणी ठेवायचं की नाही हे गावावर आणि ऋतूवर आहे. कोकणात पावसाळ्यात बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के ओल असते. तीच हवा मशीनमध्ये ३७.५ ला तापली की आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते. तिथे भांडंभर पाणी ठेवणं म्हणजे नुकसान. मराठवाड्यात जानेवारीच्या रात्री १५ अंश आणि ५० टक्के ओल असेल तर तीच हवा तापून १३ टक्क्यांवर उतरते, तिथे पाण्याशिवाय चालणार नाही. आणि पाणी खोल असून उपयोग नाही, पसरट हवं. वाटीपेक्षा ताटली जास्त ओल देते.

याहून भरवशाचा मार्ग म्हणजे वजन. अठरा दिवसांत अंड्याचं वजन १२ टक्क्यांच्या आसपास घटलं पाहिजे. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा पुरे. अंडी ट्रेसकट तोला आणि ट्रेचं वजन वजा करा. ४८ ग्रॅमची बारा अंडी म्हणजे ५७६ ग्रॅम. सातव्या दिवशी घट २७ ग्रॅमच्या आसपास, चौदाव्या दिवशी ५४, अठराव्या दिवशी ६९. सातव्या दिवशी नुसती १८ ग्रॅमच घट दिसली तर पाणी काढा आणि हवेची भोकं उघडा. ३५ दिसली तर ताटली मोठी करा. मधे काही अंडी काढून टाकलीत तर उरलेल्यांच्या पहिल्या दिवसाच्या वजनावरून हिशेब नव्याने मांडा. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक अंड्याचं वजन त्याच्या क्रमांकापुढे वहीत हवं.

पहिला दिवस ते अठरावा

सोमवारी संध्याकाळी लावा, म्हणजे तीन आठवड्यांनी सोमवारीच पिल्लं येतील. मोजदादीत गोंधळ होत नाही. लावलेला दिवस शून्य, मंगळवारी संध्याकाळी पहिला दिवस पूर्ण.

अंडी आडवी ठेवू नका. कागदी ट्रेच्या खाचांना बुडाशी भोकं पाडून त्यात ती निमुळतं टोक खाली ठेवून उभी लावा. पहिले तीन दिवस हात लावू नका, फिरवणारी मोटर असेल तर बंद. सुटलेला पापुद्रा जागेवर बसायला हाच वेळ मिळतो. सात-सात दिवस अंडी न फिरवण्याचा सल्लाही ऐकायला मिळतो, तो आम्हाला पटत नाही. तिसऱ्या ते सातव्या दिवसात अंडं हललंच नाही तर गर्भ पापुद्र्याला चिकटतो आणि रक्तवाहिन्यांचं जाळं नीट पसरत नाही. त्याचा फटका अठराव्या दिवसानंतर कळतो. मधला मार्ग असा: चौथ्या दिवसापासून आख्खा ट्रे कलता करायचा. एका बाजूखाली लाकडी ठोकळा सरकवून साधारण ४५ अंशांचा उतार द्या. सकाळी डावीकडे, दुपारी उजवीकडे, रात्री पुन्हा डावीकडे, दुसऱ्या दिवशी उलट, म्हणजे रात्रीची लांब पाळी रोज एकाच कुशीवर जात नाही. अंडी हातात घेऊन उलटीपालटी करायची नाहीत. ज्यांचा कप्पा अजून फिरतोय त्यांना पाचव्या दिवसापर्यंत थांबवा.

सातव्या दिवशी रात्री टॉर्च. जिवंत अंड्यात कोळ्यासारखं लाल जाळं आणि मध्ये हलणारा काळा ठिपका दिसतो, तो पिल्लाचा डोळा. लाल कडं दिसलं तर गर्भ तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मेला आहे. काहीच नाही, नुसता पिवळा उजेड, तर अंडं कोरं. कडं आणि कोरी अंडी काढून टाका. शंका असेल तर पेन्सिलने प्रश्नचिन्ह करा आणि दहाव्या दिवशी पुन्हा बघा. कवचातून पाझर किंवा वास आला तर त्याच क्षणी बाहेर. सडलेलं अंडं मशीनमध्ये फुटलं तर शेजारच्या अंड्यांवरही जंतू उडतात.

वीज गेली तर घाबरू नका. गार पडल्याने अंडी पटकन मरत नाहीत, तापल्याने मरतात. झाकण उघडू नका, वर गोधडी टाका. तीन-चार तासांत पिल्लं फार तर उशिरा निघतील. लांब भारनियमन असेल तर स्टीलच्या बाटल्यांत गरम पाणी भरून अंड्यांपासून चार बोटं लांब ठेवा. थर्मोस्टॅट चिकटून आतलं तापमान ४० च्या वर तासभर राहिलं तर मात्र नुकसान भरून येत नाही. म्हणून गजर वाजवणारा दुसरा स्वस्त तापमापक आत ठेवणं हा चैनीचा खर्च नाही.

खुडूक कोंबडी मिळाली तर

असीलची मादी खुडूक बसायला तयारच असते, पण तीन-साडेतीन किलोचं अंग आणि लांब पाय यामुळे कधी अंडी चेपतात. लहान चणीची गावठी कोंबडी आठ-दहा अंड्यांना चांगली. डालग्यात किंवा उथळ पाटीत खाली माती-राखेचा थर, वर मऊ गवत आणि कडुनिंबाचा पाला घाला. आधी दोन-तीन दिवस खोटी अंडी ठेवून ती खरंच बसते का बघा. तिच्या अंगावर उवा-पिसवा नाहीत याची खात्री करा, नाहीतर ती सतराव्या दिवशी रवण (उबवायला घेतलेली अंडी) सोडते. खरी अंडी रात्रीच ठेवा. आई अंडी सारखी फिरवत असते, म्हणून कप्पा सुटलेली अंडी पहिले चार-पाच दिवस मशीनमध्ये उभी ठेवून मग तिच्याखाली सरकवावीत. विजेच्या कडकडाटाने अंडी बिघडतात म्हणून रवणात लोखंडाचा तुकडा ठेवायची चाल अनेक घरांत आहे. ठेवलात तर बिघडत नाही, पण पावसात रवणाखाली ओल चढणार नाही हे आधी बघा. अंडी खरी बिघडतात त्या ओलीने.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी, शेवटचं टॉर्च मारा. कप्प्याशिवाय सगळं अंडं काळं दिसायला हवं आणि कप्प्याची कड तिरकी उतरलेली हवी. ट्रे सपाट करा, कलतं करणं बंद. कप्पा जागेवर असलेली अंडी जाळीवर आडवी ठेवा, खालचं कागद-कापड घसरणारं नको. खोगिरासारखा किंवा फिरता कप्पा असलेली अंडी उभीच राहू द्या. आर्द्रता ६५ ते ७० वर न्या, हवेची भोकं पूर्ण उघडा. पिल्लं श्वास घेऊ लागतात, त्यांना हवा जास्त लागते.

आता झाकण उघडायचं नाही. पाणी घालायचं तर भोकातून नळीने. एका पिल्लाला बघायला झाकण उघडलं तर ओल क्षणात पडते आणि ज्यांनी कवच टोचलं आहे त्यांच्यावर पापुद्रा चामड्यासारखा आवळतो. त्यांना मग वळताच येत नाही.

आधी आतून टिचटिच ऐकू येते, कवचाला पहिला टवका पडायला त्यानंतर अर्धा ते एक दिवस लागतो. टवक्यानंतर पिल्लू बारा ते चोवीस तास गप्प असतं. ते थकलेलं नसतं, उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि रक्तवाहिन्या सुकवत असतं. इथे ‘मदत’ करणाऱ्यांच्या हातून सगळ्यात जास्त पिल्लं रक्त जाऊन मरतात. टवक्याला चोवीस तास उलटले, पुढे काहीच नाही आणि पापुद्रा पांढरा कोरडा दिसतोय, तरच हात घाला. कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने पापुद्रा ओला करा आणि टवक्याभोवतीचं कवच कणाकणाने काढा. एक जरी लाल रेघ दिसली तरी थांबा आणि अंडं परत आत ठेवा. निमुळत्या टोकाला टवका पडला असेल तर पिल्लू उलटं आहे. त्याला हवेचा कप्पा मिळालेला नसतो, त्यामुळे नाकपुड्या मोकळ्या राहतील एवढं भोक करून द्या, बाकी त्याला करू द्या.

निघालेली पिल्लं अंग सुकून फुगेपर्यंत आतच ठेवा. पोटातल्या बलकावर ती २४ ते ४८ तास सहज राहतात.

तेविसाव्या दिवसापर्यंत जी उघडली नाहीत ती टॉर्च मारून, बाहेर अंगणात फोडून बघा. हे काम किळसवाणं आहे, पण पुढच्या खेपेचं सगळं शिक्षण त्यातच आहे. कोऱ्या अंड्याच्या बलकावर नुसता बारीक पांढरा ठिपका असेल तर ते फळलेलंच नव्हतं, कोंबडा बघा. ठिपक्याभोवती गोल कडं असेल तर फळलं होतं, ते प्रवासात किंवा साठवणीत गेलं. पूर्ण वाढलेलं पिल्लू ओलंचिंब, सुजलेलं, आजूबाजूला पाणी, तर आर्द्रता जास्त होती. सुकून पापुद्र्याला चिकटलेलं असेल तर कमी होती. मधल्या, आठ ते चौदा दिवसांच्या वयाची बरीच मेलेली निघाली तर आईच्या खाद्यात जीवनसत्त्वं कमी आहेत, हे पाठवणाऱ्याला सांगा.

पिल्लांचे पहिले दोन महिने

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची जागा, तापवून ठेवा. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं, खाली दोन इंच तूस, पहिले तीन दिवस त्यावर वर्तमानपत्र. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. पंधरा-वीस पिल्लांना ६० वॉटचा बल्ब एरवी पुरतो, डिसेंबरच्या रात्री १०० चा लागतो. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, कडेला तोंड वासून बसली तर गरम होतंय.

आधी पाणी, मग खाणं. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम गूळ विरघळवून पहिले काही तास द्या. प्रत्येकाची चोच एकदा बुडवा. भांडं उथळ, त्यात खडे. दोन-तीन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून २० टक्क्यांच्या वर प्रथिनं असलेलं पिल्लांचं खाद्य. शेपटीखाली विष्ठा चिकटून भोक बंद झालं असेल तर कोमट पाण्याने भिजवून काढा, ओढू नका.

पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा लस डोळ्यात एक थेंब, चौदाव्या दिवशी गंबोरो, अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी टोचून घ्या. वेळापत्रक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून एकदा तपासून घ्यावं, स्थानिक साथीप्रमाणे त्यात बदल होतात. लस बर्फातच आणायची आणि कालवल्यावर दोन तासांत संपवायची. एक कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते, तेव्हा शेजारच्या चार घरांना एकाच दिवशी बोलवा. तिसऱ्या आठवड्यानंतर विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण. ओलं तूस त्याच दिवशी बाहेर टाका आणि डॉक्टरांना औषध विचारा.

असीलचा स्वभाव चौथ्या-पाचव्या आठवड्यातच दिसू लागतो. दोन पिल्लं समोरासमोर मान ताणून उभी राहतात, रक्त दिसलं की बाकीचीही त्यालाच टोचतात. गावठी पिल्लांना लागते त्याच्या दुप्पट जागा द्या, खाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, आडोसे म्हणून पालेदार फांद्या टाका. एकत्र वाढलेला गट मोडू नका. एखादं चार दिवस बाहेर ठेवून परत सोडलंत तर ते परकं ठरतं. माद्याही भांडतात, हे गावठीवाल्यांना माहीत नसतं.

तीन-साडेतीन महिन्यांचे नर वेगळे करा. नुसती जाळी मधे घालून भागत नाही. समोरचा दिसत राहिला की दोघेही जाळीवर धडका देऊन चोच आणि तुरा फोडून घेतात. मधे अडीच-तीन फूट उंच गोणपाट किंवा पत्रा हवा. प्रत्येक नराला निदान चार बाय चार फुटांची जागा आणि झोपायला जमिनीपासून फूट-दीड फुटावर जाड, सपाट दांडी. यापेक्षा उंचावरून उडी मारली तर जड पक्ष्याच्या तळपायाला गाठ होते. घूस, मुंगूस आणि मांजरासाठी अर्ध्या इंचाची वेल्डजाळी लावा आणि ती जमिनीत वीतभर पुरा.

वाढ सावकाश असते. पाच महिन्यांची असील जेमतेम सव्वा किलोची दिसली तरी खाद्य बदलू नका, हाड आधी भरतं, अंग मागून. सहा-साडेसहा महिन्यांनी तलंगा अंड्यावर येतात. तेव्हा सरळ पायाचा, सरळ छातीच्या हाडाचा, सख्खा भाऊ नसलेला नर निवडून त्याच्यासोबत तीन-चार माद्या सोडा, आणि पहिल्या दोन महिन्यांची ४५ ग्रॅमच्या आतली अंडी खाण्यासाठी ठेवा, रवणाला नको.